पाटीवरची दोन अक्षरे : मुंबईच्या उपनगरांतील ‘सोसायटी’चा इतिहास

१/
बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडमधील एखाद्या तीस-चाळीस वर्षे जुन्या इमारतीच्या फाटकापाशी थांबून तिथली पाटी वाचावी. वर इमारतीचे नाव, त्यापुढे ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ आणि खाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक. त्या क्रमांकात ‘बीओएम’ म्हणजे बॉम्बे, ‘डब्ल्यूआर’ म्हणजे आर वॉर्ड, ‘एचएसजी’ म्हणजे हाउसिंग. आणि पुष्कळदा त्यापुढे दोन अक्षरे आढळतात : ‘टीसी’. आजचा लेख या दोन अक्षरांविषयी आहे.

२/
‘टीसी’ म्हणजे ‘टेनंट को-पार्टनरशिप’. महाराष्ट्राच्या सहकार नियमांत यासाठी ‘भाडेकरू सहभागीदारी’ असा शब्द आहे. वाचताना कोणालाही प्रश्न पडेल : आईवडिलांनी कर्ज काढून घर घेतले, हप्ते फेडले, मग आपण भाडेकरू कसे? आणि सहभागीदार कोणाचे? याचे उत्तर शोधायचे तर पुणे जिल्ह्यातील एका बाजारपेठेपासून लंडनच्या एका उपनगरापर्यंत फिरून पुन्हा आपल्या जिन्यापाशी यावे लागते.

३/
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या धनापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदली गेली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. कायद्याने सावकाराला वेसण घातली, पण त्याच्या जागी पतपुरवठा कोणी करायचा, हा प्रश्न तसाच उरला.

४/
त्या प्रश्नाचे एक उत्तर युरोपात तयार होते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ जणांनी, ज्यांत विणकर बरेच होते, डिसेंबर १८४४ मध्ये स्वतःचे दुकान उघडले. जर्मनीत रायफायझन यांनी खेड्यांसाठी पतसंस्था उभ्या केल्या. दोन्हींच्या मुळाशी एक साधे सूत्र होते : भांडवल थोडे असले तरी ते सभासदांचे आणि कारभारही सभासदांचा. रॉचडेलच्या परंपरेने त्यात ‘एक माणूस, एक मत’ हा दंडक घातला. मराठी माणसाचाही या आरंभात वाटा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन केली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता.

५/
मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करून सविस्तर अहवाल दिला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला. किमान दहा जणांनी एकत्र यावे, अशी त्याची अट होती. हे दहा जण एका गावातले वा नगरातले असावेत, किंवा निबंधकाच्या संमतीने एकाच जमातीचे, वर्गाचे वा जातीचे असावेत. परस्परांना ओळखणारी माणसेच परस्परांना जामीन राहतील, हा त्यामागचा हिशेब होता. ही अट लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

६/
कायदा खेड्यातील शेतकऱ्यासाठी होता. मुंबईतील एका गृहस्थाने त्यात शहरी कारकुनाची सोय पाहिली. त्यांचे नाव रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. उत्तर कानडा जिल्ह्यातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या चित्रापूर सारस्वतांसाठी त्यांनी २७ डिसेंबर १९०६ रोजी एक पतसंस्था उभी केली आणि तिला आपल्या गुरुस्थानी असलेल्या शामराव विठ्ठल कायकिणी यांचे नाव दिले. आजची शामराव विठ्ठल सहकारी बँक ती हीच. पण महिनाअखेरीची उसनवारी भागवणारी पतपेढी मुंबईच्या नोकरदाराची निम्मीच अडचण दूर करू शकत होती. दुसरी अडचण डोक्यावरच्या छपराची होती.

७/
१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आला आणि मुंबईच्या दाट वस्तीची भीषणता उघडी पडली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या, नवे भूखंड आखले. पाडलेल्या घरांतील माणसे मात्र शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. एका खोलीतला संसार, सामायिक नळ, सामायिक संडास आणि घरमालकाच्या मर्जीने वाढणारे भाडे ही पांढरपेशांचीही स्थिती होती. बंगला बांधण्याइतका पैसा नाही आणि चाळीत राहवत नाही, अशा वर्गाला तिसरा मार्ग हवा होता.

८/
हा मार्ग लंडनच्या ईलिंग या उपनगरात सापडला. १९०१ मध्ये तिथे हेन्री व्हिव्हियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ईलिंग टेनंट्स’ ही संस्था काढली. तिची रचना नवी होती. जमीन आणि घरे संस्थेच्या मालकीची. राहणारा संस्थेचा भाडेकरू. पण त्याच संस्थेत त्याचे भाग, त्यामुळे तोच मालकांपैकी एक. ब्रेंटहॅम हे उद्यान-उपनगर अशा रीतीने वसले. या रचनेला ‘टेनंट को-पार्टनरशिप’ म्हणत. आपल्या फाटकावरची ‘टीसी’ ही अक्षरे तिथून आली.

९/
तोपर्यंत भारतातही वाट मोकळी झाली होती. १९१२ च्या नव्या सहकार कायद्याने पतपुरवठ्याबाहेरच्या संस्थांना मान्यता दिली : खरेदी, विक्री, उत्पादन आणि घरबांधणी. १९१३ मध्ये मुंबईत सहकारी गृहनिर्माणाच्या प्रसारासाठी ‘बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन’ स्थापन झाली. १९१५ मध्ये तालमकींच्या पुढाकाराने गावदेवी येथे ‘सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था’ उभी राहिली. सहभागीदारी तत्त्वावरची ही देशातील आद्य संस्था. 

१०/
या व्यवस्थेचे मर्म नीट समजून घेऊ. एकेकट्या कारकुनाला जमीन घेण्यासाठी कर्ज मिळत नसे. शंभर कारकुनांच्या संस्थेला मिळू शकत असे. सभासद भागभांडवल भरतो, संस्था कर्ज उभारते, घरे बांधते, आणि सभासद दरमहा जे देतो त्यातून कर्ज फिटते. घर सोडायचे झाले तर विक्री जमिनीची होत नाही; भाग आणि त्यांच्याशी जोडलेला राहण्याचा हक्क तेवढा हस्तांतरित होतो. म्हणूनच आपल्या घरच्या कपाटात ‘भाग प्रमाणपत्र’ असते. जुन्या प्रमाणपत्रांवर पन्नास रुपयांचे पाच भाग, एकूण २५० रुपये, अशी नोंद आढळते. कोट्यवधींच्या घराचा हा अडीचशे रुपयांचा कागद हास्यास्पद वाटतो. पण मताचा अधिकार त्याच कागदाने मिळतो, आणि तीन खोल्यांवाल्याचे मत एका खोलीवाल्याच्या मताइतकेच असते.

११/
ही कल्पना लवकरच रेल्वेमार्गाने उत्तरेकडे सरकली. १९१८ मध्ये वांद्रे येथे ‘साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था’ स्थापन झाली. सांताक्रूझला सारस्वत कॉलनी वसली. १९२० मध्ये सरकारने मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण केला. जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवरची लोकल धावू लागली. भातखाचरे, मिठागरे, आगरी-कोळी आणि ईस्ट इंडियन गावठाणे असलेल्या साष्टीत आता फोर्टमधील कचेऱ्यांतून घरी परतणारी माणसे उतरू लागली. पुढे १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंड बृहन्मुंबईच्या हद्दीत आले.

१२/
इथे एक वळण येते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धोत्तर महागाई आणि फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे पाहता भाडेकरूला संरक्षण आवश्यक होते. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा झाला की भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे मालकाला परवडेना. भाड्याची नवी घरे आटत गेली. ज्याला घर हवे त्याला ते विकत घेणे भाग पडले, आणि एकट्याने जमीन घेणे अशक्य असल्यामुळे ‘सोसायटी’ हाच मार्ग उरला.

१३/
स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत खऱ्या अर्थाने सभासदांनी उभारलेल्या संस्था दिसतात. आधी माणसे एकत्र येत, संस्था नोंदवत, मग जमीन मिळवत आणि शेवटी भिंती उभ्या राहत. जुहू-विलेपार्ले विकास योजनेतील हाटकेश, विठ्ठलनगर, जयहिंद ही नावे अशा संस्थांची आहेत. आज चित्रपट-तारकांमुळे प्रसिद्ध असलेला तो परिसर मुळात सहकारी भूखंडांचा आहे. वांद्रे पूर्वेला साहित्यिकांनी ‘साहित्य सहवास’ उभारले. विंदा करंदीकर तिथे राहत. सचिन तेंडुलकरचे बालपण तिथल्याच अंगणात गेले. घाटकोपरच्या पंतनगरसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींतील रहिवाशांनीही पुढे इमारतीगणिक संस्था स्थापन केल्या.

१४/
मग क्रम उलटला. विकासक जमीन घेणार, इमारत बांधणार, सदनिका ‘ओनरशिप’वर विकणार आणि शेवटी खरेदीदारांची सोसायटी होणार. पूर्वी संस्था घराची आई होती. आता ती घराचे शेपूट झाली. सभासद परस्परांना ओळखत नव्हते. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एवढीच की त्यांनी एकाच विकासकाकडून घर घेतले होते. यातून फसवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की राज्याने १९६३ मध्ये सदनिका मालकी कायदा, म्हणजे वकिलांच्या बोलीतला ‘मोफा’, संमत केला.

१५/
मोफाने विकासकावर दोन कर्तव्ये घातली. पुरेशा सदनिका विकल्या गेल्या की संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा. आणि संस्था झाल्यावर ठरलेल्या मुदतीत जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करायचे. या दुसऱ्या कर्तव्याला आपण ‘कन्व्हेयन्स’ म्हणतो. दरम्यान १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला आणि त्याच्या नियमांत ‘भाडेकरू मालकी’ व ‘भाडेकरू सहभागीदारी’ हे दोन मुख्य प्रकार नोंदले गेले. पहिल्यात जमीन संस्थेची, घर सभासदाचे. दुसऱ्यात दोन्ही संस्थेचे. कागदावर ईलिंगचे स्वप्न बोरिवलीत पूर्ण झाले.

१६/
प्रत्यक्षात असंख्य इमारतींचे कन्व्हेयन्स झालेच नाही. संस्था नोंदली गेली, वार्षिक सभा होऊ लागल्या, पाण्याच्या टाकीवरून भांडणेही सुरू झाली. पण पायाखालची जमीन कागदोपत्री विकासकाच्या वा मूळ मालकाच्या नावे राहिली. बरीच वर्षे याची कोणाला फारशी झळ बसली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने चित्र बदलले. तिने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ‘टीडीआर’ आणला. रस्त्यासाठी वा आरक्षणासाठी दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारे हे बांधकामाचे हक्क मुख्यत्वे उपनगरांत वापरता येत. चार मजली इमारतीवर आणखी मजले चढू शकत होते. जमीन ज्याच्या नावे, आकाशही त्याचे. कन्व्हेयन्स अडवून ठेवण्यात आता पैसा होता.

१७/
यावर उपाय म्हणून २००८ मध्ये मोफात दुरुस्ती झाली आणि ‘मानीव अभिहस्तांतरण’ अर्थात डीम्ड कन्व्हेयन्स आले. विकासक सही करत नसेल तर संस्था जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करते. सुनावणीनंतर तो अधिकारी प्रमाणपत्र देतो आणि त्या आधारे जमीन संस्थेच्या नावे होते. ज्या सहीसाठी एक पिढी चकरा मारत राहिली, तिच्यावाचूनही काम होऊ शकते, हे कायद्याने मान्य केले.

१८/
उपनगरातील एका लहान संस्थेने तर देशाला निकाल दिला. दहिसर पूर्वेच्या आनंदनगरमधील ‘पांचाली’ सहकारी गृहनिर्माण संस्था. इमारतीच्या खांबांखाली, म्हणजे स्टिल्टमध्ये, २५ वाहनतळाच्या जागा होत्या. विकासक कंपनीचे म्हणणे असे की त्या जागा आपल्या आहेत आणि त्या विकण्याचा आपल्याला हक्क आहे. दिवाणी न्यायालयात कंपनी हरली, उच्च न्यायालयात हरली, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरली. न्यायालयाने सांगितले की मोफाखाली स्टिल्टची जागा ही स्वतंत्रपणे विकण्याजोगी सदनिका नव्हे. ती सामायिक सुविधा आहे आणि तिच्या वापराची व्यवस्था संस्था ठरवील. ‘सामायिक’ या शब्दाला एवढे वजन क्वचितच मिळाले असेल.

१९/
आता १९०४ ची ती अट आठवा. एकाच जातीचे वा वर्गाचे सभासद चालतील, असे कायदाच म्हणत होता, आणि आरंभीच्या अनेक गृहनिर्माण संस्था ज्ञातींच्या व धर्मसमूहांच्या होत्या. परमुलखात आलेल्या माणसाला त्यातून आधार मिळाला. पण शेजार निवडण्याची मुभा म्हणजे शेजार नाकारण्याचीही मुभा. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. मुंबईत आजही धर्म, जात किंवा स्वयंपाकघरात काय शिजते यावरून घर नाकारले गेल्याच्या कथा ऐकू येतात. खुले सभासदत्व हे सहकाराचे पहिले तत्त्व मानले जाते. आपल्या सहकाराचा जन्म मात्र बंद दाराआड झाला. हा वारसा गौरवाबरोबरच स्वीकारावा लागतो.

२०/
दुसरी जखम ताजी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. प्रारंभी प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. ठेवी ११ हजार कोटी रुपयांहून अधिक. कर्जाचा फार मोठा हिस्सा मात्र एकाच बांधकाम समूहाकडे. सहकार कायदा संस्थांना आपला निधी सहकारी बँकांकडे वळवायला सांगतो, म्हणून उपनगरांतील कित्येक सोसायट्यांचा दुरुस्ती निधीही तिथे अडकला. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. सभासदांनी हिशेब विचारणे सोडले की ‘सहकारी’ हा शब्द केवळ पाटीवर उरतो, हा त्याचा धडा.

२१/
महाराष्ट्राचा सहकार म्हटले की प्रवरानगरचा साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता ही नावे येतात, आणि ती यायलाच हवीत. परंतु संख्येने पाहिले तर राज्यातील निम्म्याहून अधिक सहकारी संस्था गृहनिर्माण संस्था आहेत. एक लाखाहून अधिक. ऊस न पिकवणाऱ्या मुंबईकराचा सहकाराशी रोज संबंध येतो तो जिन्यात, गच्चीवर आणि पाण्याच्या पंपापाशी. त्यावर अभ्यासपूर्ण लेखन मात्र फार थोडे झाले आहे.

२२/
आणि हा इतिहास आत्ता घडतो आहे. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतील इमारती जीर्ण झाल्या आहेत. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पुनर्विकासाची लाट आहे. राज्य सरकारने ३ जानेवारी २००९ रोजी कलम ७९-अ खाली पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवली. ४ जुलै २०१९ च्या सुधारित आदेशाने ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी मानली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वयंपुनर्विकासाला प्रोत्साहन देणारा निर्णय झाला आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक त्यासाठी कर्ज देते. संस्थेने स्वतः कर्ज काढावे, स्वतः वास्तुविशारद नेमावा, स्वतःची इमारत बांधावी. नीट पाहिले तर ही १९१५ च्या गावदेवीचीच पद्धत आहे. शतकभराने क्रम पुन्हा सुलटा होतो आहे.

२३/
तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. ‘भाडेकरू’ आपणच आणि ‘मालक’ही आपणच, मधला दुवा म्हणजे संस्था. तो दुवा बळकट असेल तर मालकी खरी, नाहीतर आपण नावाचेच मालक. घरी तीन कागद पाहायला मागा : भाग प्रमाणपत्र, संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि अभिहस्तांतरणाचा दस्त. पहिले दोन बहुधा मिळतील. तिसरा मिळाला नाही, तर पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला आईवडिलांबरोबर जाऊन तो विषय कार्यसूचीवर घ्यायला सांगा. सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण तो कागद त्याच्याविरुद्ध लिहिलेला होता. आपल्या बाजूने लिहिला जाऊ शकणारा कागद मिळवण्याची सोय त्यानंतरच्या पिढ्यांनी करून ठेवली आहे. तो मागायचा की नाही, एवढेच आपल्याकडे उरले आहे.